ट्रेलरमधला तो आवाज कुणाचा?

प्रश्न : मी वैतरणा स्टेशनजवळ राहतो आणि बोईसरच्या एमआयडीसीत कामाला जातो. गाडीत वेळ जावा म्हणून मोबाईलवर चित्रपटांचे ट्रेलर बघतो. घोडे, तलवारी, गडकिल्ले दिसले की एक भारदस्त आवाज हमखास बोलायला लागतो. विनोदी चित्रपटात किंवा प्रेमकथेत मात्र तो सहसा नसतो. जुन्या इंग्रजी ट्रेलरमध्ये तो असायचा, नव्यांत ऐकू येत नाही. हा माणूस कोण? त्याला कुठे बोलवायचं आणि कुठे नाही, हे कसं ठरतं? विचारायचं आणखी एक कारण आहे. आम्ही चार मित्रांनी खाडीतल्या होडीवाल्यांवर एक छोटी फिल्म केली आहे. तिच्या ट्रेलरला असा आवाज घ्यावा की नाही, यावरून आमच्यात वाद चालू आहे.
— एक वाचक, वैतरणा (जि. पालघर)

उत्तर : तुमच्या वादाचा निकाल शेवटी देतो. आधी एक साधी चाचणी सांगतो, कारण ट्रेलरमध्ये ऐकू येणारा प्रत्येक आवाज निवेदकाचा नसतो. पुष्कळदा संकलकाने चित्रपटातल्याच एखाद्या पात्राचं वाक्य उचलून भलत्याच दृश्यांवर पसरलेलं असतं. ओळखायचं कसं? सर्वनामाकडे लक्ष द्या. आवाज ‘मी’ म्हणत असेल तर ते पात्र आहे. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ म्हणत असेल आणि बोलणारा कुठेच दिसत नसेल, तर तो तुमचा निवेदक. या चाचणीने बघितलंत तर निवेदक वाटणारे बरेच आवाज पात्रांचे निघतील.

आता खरा निवेदक. तो ट्रेलरपेक्षा फार जुना आहे. आपल्याकडच्या श्रावणातल्या कहाण्या आठवा. ‘आटपाट नगर होतं’ एवढं म्हटलं की ऐकणारा पाटावरून उठून त्या नगरात पोहोचतो. नगर कुठलं, राजा कोणता, असं कुणी विचारत नाही. अमेरिकेत डॉन लाफाँटेन नावाचा निवेदक होऊन गेला (1940–2008). त्याने पाच हजारांहून जास्त ट्रेलरना आवाज दिला. ‘अशा एका जगात...’ या अर्थाची त्याची सुरुवात इतकी गाजली की पुढे तिची टिंगलही झाली. ती का वापरायची, याचं त्याचं उत्तर सरळ होतं : प्रेक्षक बसला आहे तिथून त्याला चटकन गोष्टीच्या जगात नेता यावं म्हणून. म्हणजे आटपाट नगरच, फक्त खर्जातलं.

लाफाँटेन या धंद्यात आला तो अपघाताने. तो ध्वनीचं काम करायचा. 1964 साली एका काउबॉयपटाच्या जाहिरातीसाठी ठरलेला कलाकार आलाच नाही. काम अडू नये म्हणून यानेच आवाज देऊन टाकला, आणि तो पसंत पडला.

हॉलीवूडमध्ये त्याच्याआधीही ट्रेलर बोलत होते. ट्रेलर या शब्दाचा अर्थच मागून ओढत येणारा. सुरुवातीला ही जाहिरात चित्रपट संपल्यावर दाखवत, म्हणून हे नाव पडलं. प्रेक्षक तोवर उठून जायचे, तेव्हा ती पुढे आली. नाव मात्र मागचंच राहिलं. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने ‘सिटिझन केन’च्या (1941) ट्रेलरमध्ये इतर नट दाखवले आणि स्वतःचा नुसता आवाज ऐकवला, चेहरा नाही. हिचकॉकने ‘सायको’च्या (1960) ट्रेलरमध्ये याच्या उलट केलं. घर दाखवायला आलेल्या दलालासारखा तो स्वतः प्रेक्षकाला खुनाच्या जागा हिंडून दाखवतो. लाफाँटेनच्याच काळात, 1975 च्या ‘जॉज’च्या ट्रेलरमध्ये पर्सी रॉड्रिग्ज या नटाचा थंड, संथ आवाज होता.

आपल्याकडे हा आवाज तीन वाटांनी आला. पहिली वाट मूकपटांची. पडद्यावर मजकुराच्या पाट्या यायच्या, पण वाचता येणारे थोडे. मग थिएटरात कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवायचा. जपानमध्ये अशा वाचणाऱ्याला ‘बेन्शी’ म्हणत, आणि काही बेन्शी तर नटांपेक्षाही लोकप्रिय होते. आपल्याकडचे वाचणारे अनामच राहिले. पण अंधारात बसून न दिसणाऱ्या माणसाचं ऐकायची सवय आपल्या कानाला तिथूनच लागली.

दुसरी वाट फिल्म्स डिव्हिजनची. ही संस्था 1948 साली सुरू झाली. तिची समाचारचित्रं आणि माहितीपट चित्रपटाआधी दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं. धरण असो, पूर असो की पंतप्रधानांचा दौरा, आवाज त्याच वळणाचा. झुल वेलानी, प्रताप शर्मा, रोमेश थापर ही त्यातली नावाजलेली नावं. लोक त्या वेळात चहा प्यायला बाहेर जात हे खरं. तरी जो दिसत नाही आणि ज्याला सगळं माहीत आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायचा, ही शिकवण आत बसलेल्यांना मिळतच होती.

तिसरी वाट सगळ्यांत महत्त्वाची, रेडिओची. विविध भारती 1957 ला सुरू झाली. 1967 च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे, नागपूरहून तिच्यावर जाहिराती लागल्या. नंतर नव्या चित्रपटांचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम आले : गाण्याचा मुखडा, दोन संवाद आणि मधे निवेदक. 1952 पासून रेडिओ सिलोनवरच्या गीतमालेने घराघरांत पोहोचलेले अमीन सयानी या कामातही अग्रेसर. रेडिओवर चित्र नाही, म्हणून घोडा दौडवायचा तो आवाजाने, पाऊस पाडायचा तोही आवाजानेच. कुठे थांबायचं, कुठे स्वर चढवायचा, चित्रपटाचं नाव किती वेळा घ्यायचं, हे आपल्या ट्रेलरचं सारं व्याकरण रेडिओने घडवलं. त्यामुळे आपला निवेदक बोलायला लागला की आजही डोळे मिटून ऐकलं तरी चालतं.

या वाटांवर पुढे टीव्हीचं एक स्टेशन लागतं, तेही तुमच्याच मार्गावरचं. डहाणू, घोलवड ओलांडून राज्याची हद्द संपली की उंबरगाव लागतं. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ (1987) तिथल्या स्टुडिओत चित्रित झालं. पहिल्या भागात प्रेक्षकाला त्या गोष्टीत हाताला धरून नेलं ते अशोक कुमार यांनी. पुढच्याच वर्षी ‘महाभारत’ आलं आणि फिरत्या चक्रामागून ‘समय’ बोलू लागला. तो आवाज हरीश भिमाणी यांचा. पुराण आणि इतिहास म्हटलं की घुमणारा पुरुषी आवाजच हवा, ही आपल्या डोक्यातली गाठ त्या रविवारच्या सकाळींनी पक्की केली.

तो आवाज एवढा जड कसा होतो, हेही कळलेलं बरं. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर सर्वसाधारणपणे सेकंदाला 85 ते 180 कंपनांचा असतो, बाईचा 165 ते 255 च्या आसपास. निवेदक मुळातच खालच्या पट्टीचा निवडतात. शिवाय तो माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलतो. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकचा गुण असा, की बोलणारा जितका जवळ, तितका खर्ज फुगतो. म्हणूनच तो कानाशी बोलतोय असं वाटतं आणि त्याच वेळी डोंगराएवढाही वाटतो. प्रत्यक्षात तो काचेमागच्या छोट्या खोलीत, पंखा बंद करून, घामाघूम उभा असतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न : कुठे आवाज घ्यायचा आणि कुठे नाही. यासाठी तुमच्याच खाडीवर जाऊ. वैतरणा स्टेशन सुटलं की सफाळ्याआधी लोकल खाडीवरचे पूल ओलांडते. खाली वाढीव-वैतीपाड्याचं बेट. तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं होडीने नाहीतर जीव मुठीत धरून रेल्वेपुलावरून चालत ये-जा केली. जिथे पायी जायचा पूल आहे तिथे होडी कुणी बोलवत नाही. निवेदकाचंही तसंच आहे. प्रेक्षक आणि गोष्ट यांच्यामध्ये पाणी असेल तर तो लागतो.

विनोदी आणि कौटुंबिक चित्रपटात हे पाणी नसतं. सासू, सून, सोसायटीची मीटिंग, लग्नाचा हॉल. प्रेक्षक आधीच त्या घरात बसलेला असतो. त्याला निवेदक आणून दिला तर तो आगंतुक पाहुणा वाटेल. दोन खमंग संवाद पुरतात. प्रेमकथेला पाणी असतं, पण तिथे आपल्याकडे पूल आहे, गाण्याचा. ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला थिएटरात आला. त्याआधीच अजय-अतुल यांची गाणी गावोगावच्या वरातींत पोहोचली होती. ज्याचे पाय आधीच नाचून झाले आहेत, त्याला निवेदकाने आणखी काय सांगायचं?

अनोळखी जग असेल तर मात्र आवाज हवाच. ट्रेलरच काय, ‘तुंबाड’ (2018) हा चित्रपटच सुरू होतो तो मुलाला गोष्ट सांगणाऱ्या बापाच्या आवाजाने. त्या गोष्टीतला हस्तर कोण, त्याला कशाची हाव होती, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. ‘केजीएफ’मध्ये (2018) एक पत्रकार गोष्ट सांगतो; कानडी चित्रपट हिंदीत आला तेव्हा भाषेचं पाणी ओलांडायलाही त्याची मदतच झाली.

इथे तुम्ही मला पकडाल. शिवकाल तर मराठी पोराला चौथीच्या पुस्तकापासून पाठ आहे. मग ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ अशा चित्रपटांच्या जगात आवाजाची गरज काय? शंका रास्त आहे. तिथे तो माहिती द्यायला येतच नाही. बाजीप्रभू खिंडीत का उभे राहिले, हे न सांगता ठाऊक आहे. तिथला निवेदक शाहीर असतो. त्याचं काम पैलतीरी नेणं नाही, अंगावर काटा आणणं. म्हणून त्या जागी नुसता चांगला आवाज चालत नाही, वजनदार नाव लागतं. ‘हर हर महादेव’ला (2022) राज ठाकरे यांचा आवाज होता, ‘छावा’त (2025) अजय देवगण यांचा. डफ वाजायच्या आधी प्रेक्षक शाहीर ओळखतो.

भयपटात खेळ उलटा. भीती वाटते ती सोबतीला कुणी नसलं की. सांगणारा सोबत असेल तर भीती निम्मी होते. ‘एलियन’चा 1979 चा ट्रेलर बघा : निवेदक नाही, संवाद नाही, नुसते आवाज आणि धडधड. म्हणजे प्रेक्षकाला होडीत बसवायचं, मधोमध न्यायचं आणि नावाड्याने पाण्यात उडी मारायची.

हे सगळं एकाच दृश्यावर करून बघा. पहाट आहे. धुकं आहे. डहाणूकडे निघालेली लोकल खाडीच्या पुलावर सिग्नलला उभी आहे. दारात एक माणूस. दृश्य एवढंच.

भव्यपट असेल तर : ‘एक पूल. एक गाडी. आणि हजार माणसं, ज्यांना आठच्या आत पोहोचायचं होतं.’

भयपट असेल तर कुजबुजत : ‘ही गाडी पुलावर कधीच थांबत नाही.’ मग शांतता. मग : ‘आज थांबली.’

विनोदी असेल तर भव्यपटाचाच आवाज, तेवढ्याच गांभीर्याने : ‘तो शूर होता. तो निडर होता. फक्त सफाळ्याचा प्लॅटफॉर्म दुसऱ्या बाजूला होता.’ विनोदात निवेदक आलाच तर असा येतो, स्वतःचीच टोपी उडवायला. 2002 च्या ‘कॉमेडियन’ या माहितीपटाच्या ट्रेलरमध्ये हॅल डग्लस या नामांकित निवेदकाने हेच केलं. स्टुडिओत उभा राहून तो आपली ठरलेली वाक्यं एकामागून एक म्हणत राहतो आणि समोरचा त्याला दर वेळी गप्प करतो.

प्रेमकथा असेल तर एक शब्दही नको. खिडकीतली ओढणी, सनईचा एक तुकडा, गाडी सुटते.

आणि माहितीपट असेल तर दारातला तोच माणूस बोलेल : ‘गाडी थांबली ना, की खाली बघायचं. भरती आहे की ओहोटी, कळतं.’

माणूस तोच, पूल तोच. बदललं ते एवढंच की बोलणारा कुठे उभा आहे : डोंगरावर, पाठीमागे, की दारात.

बाईचा आवाज का नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगावंसं वाटतं. ‘पुढील स्टेशन बोईसर’ हे तुम्हाला रोज बाईच सांगते आणि तिच्यावर विसंबून तुम्ही दाराकडे सरकता. विश्वास आहे, मान आहे, मग तलवारींच्या दृश्यावर ती का चालत नाही? कारण फक्त सवय. अमेरिकेत ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ (2000) या मोटारींच्या धुमश्चक्रीच्या ट्रेलरला मेलिसा डिस्नी या बाईचा आवाज होता. तो इतका अपवादात्मक ठरला की आजही त्याचं उदाहरण देतात. याच विषयावर लेक बेल या अभिनेत्रीने 2013 साली ‘इन अ वर्ल्ड’ हा आख्खा चित्रपट काढला. आपल्याकडे ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये (2015) गोष्ट सांगते ती खुद्द कट्यार, आणि तिचा आवाज रीमा लागू यांचा. पात्याला बाईचा आवाज दिल्याने त्याची धार कुठे कमी झाली नाही.

मग इंग्रजी ट्रेलरमधून हा निवेदक गेला कुठे? लाफाँटेन 2008 च्या सप्टेंबरात वारला, पण त्याच्या आधीपासूनच ती शैली जुनी वाटू लागली होती. इतकी नक्कल झाली की मूळ आवाज ऐकला तरी हसू यायचं. दुसरं कारण तुमच्या खिशात आहे, असं मला वाटतं. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खर्ज धड बाहेर पडतच नाही. वरच्या स्वरांवरून आपला मेंदू खालचा मूळ स्वर कल्पनेने भरून काढतो, पण छातीत होणारी धडधड तो भरून काढू शकत नाही. त्यात पुलावरचा खडखडाट. शिवाय शेजाऱ्याला त्रास नको म्हणून बरेच लोक आवाज बंद करूनच बघतात. मग ट्रेलरवाल्यांनी काय केलं? निवेदकाची वाक्यं मोठ्या अक्षरांत पडद्यावर टाकली. मूकपटातल्या पाट्या शंभर वर्षांनी परत आल्या आहेत. फरक एवढाच, की वाचून दाखवणारा आता कुणी नाही.

आता तुमची फिल्म. तुमच्यातले दोघे भारदस्त आवाजाच्या बाजूने असतील, त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. बाहेरच्या प्रेक्षकाला वैतरणा खाडी माहीत नाही. मधे पाणी आहे, तेव्हा होडी लागणारच. पण तुमच्या विषयातच होडीवाला आहे. तो असताना भाड्याचा नावाडी कशाला आणता? भारदस्त आवाज आला की होडीवाले गप्प होतील आणि नुसते दिसत राहतील. जुन्या समाचारचित्रांत शेतकऱ्याचं नेमकं तेच व्हायचं : नांगर तो धरायचा, बोलायचा दुसराच.

तेव्हा होडीवाल्यालाच बोलू द्या. प्रश्न विचारून कॅमेऱ्यासमोर नको. वल्ही मारताना तो सहज जे बोलतो, ते टिपा. माइक कॉलरला लावा आणि वाऱ्यासाठी त्यावर फेसाचं किंवा केसाळ कापडाचं टोपण चढवा, नाहीतर नुसती फरफर ऐकू येईल. बोलणं थांबल्यावर दोन मिनिटं कुणीही न बोलता खाडीचा नुसता आवाज वेगळा घेऊन ठेवा. संकलनात वाक्यांमधले सांधे त्यानेच बुजतात. पहिलं वाक्य काळ्या पडद्यावर येऊ द्या, चेहरा नंतर. वेल्सची युक्ती आहे, फुकट मिळते. आणि त्याची बोली सुधारू नका. तुमच्या जिल्ह्यात वाडवळी आहे, मांगेली आहे, आगरी आहे, वारली आहे. एखादा शब्द पुण्यातल्या माणसाला कळला नाही तर खाली पाटी द्या. ‘मी’ची जागा ‘तो’ला देऊ नका.

ट्रेलर तयार झाला की आधी त्याच होडीवाल्यांना दाखवा, शक्यतो मोठ्या स्पीकरवर. बघून ते हसले, एकमेकांना कोपराने ढोसू लागले, तर समजा जमलं. पण त्यांच्यातल्या एकाने जरी मधेच विचारलं, ‘हा कोन बोलतं रं?’, तर घरी जा आणि आवाज पुसून टाका.